तुमचं शहाणं कार्ड

बाबा, तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, आणि दुसऱ्याच दिवशी आपला डबा बंद पडला.

डबा म्हणजे तुमच्या टेबलाखालचा. आपण दोघांनी मिळून बांधलेला तो काळा, बोजड, चार डिस्कचा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. काम एकच, पोटात सगळं सांभाळून ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरने मागितलं की द्यायचं. तुम्ही सोसायटीत त्याला ऐटीत 'नेटवर्क स्टोरेज सर्व्हर' म्हणायचात. वर्मा अंकल "बहुत बढ़िया, सोनवणे साहब" म्हणत मान हलवायचे आणि मग लिफ्टमध्ये मला हळूच विचारायचे, "बेटा, वो आख़िर है क्या चीज़?"

त्या दिवशी सेक्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये धाडकन आवाज झाला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली. नंतर फ्रिज सुरू झाला, टीव्ही सुरू झाला, डबा मात्र उठेना. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागत होता, पण स्क्रीन जोडून पाहिला तर म्हणत होता, एकही डिस्क दिसत नाही. मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडले, "सांगितलं होतं की नाही मी? सांगितलं होतं ना?" संजय धावत आला. त्याला वाटलं मी रडतेय. रडतही होतेच. मला राग आणि रडू एकदम येतं, तुम्हाला सांगायला नको.

आदल्या संध्याकाळी त्याने मला एक विचारलं होतं. पाहुण्यांची ताटं उचलता उचलता मध्येच थांबला आणि म्हणाला, "वैशाली, बाबांचा आवाज असेल ना गं कुठेतरी?" तुमचा मुलगा, बाबा. फोनवर "हां बाबा, ठीक आहे बाबा, ठेवतो" याच्या पलीकडे तुमच्याशी कधी न बोललेला. म्हणाला, "यार, ते 'संजू' म्हणायचे ना, ते डोक्यात येतंय, पण कानात नाही येत आहे." आमच्या लग्नाच्या सीडीत तुम्ही आहात, पण वर बँड वाजतोय. मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, "डब्यात आहे रे. अख्ख्या घराचे आवाज ज्या माणसाने जमवले, त्याचा स्वतःचा नसेल होय?" एवढं बोलून बसले आणि दुसऱ्या दिवशी डब्याने मान टाकली.

तुमची ती हजेरी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ते खूळच वाटलं होतं. पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवली की सगळ्यांनी टेपरेकॉर्डरसमोर बसायचं. एकेकाने आपलं नाव सांगायचं, 'हजर' म्हणायचं, आणि गेल्या वर्षातलं काहीही बोलायचं. सरकारी क्वार्टरमध्ये होतात तेव्हापासूनचा नेम. शेजारपाजारचे, गावाहून कामासाठी आलेले, कुणी सुटलं नाही. माझ्या पहिल्या पाडव्याला मी म्हटलं, "वैशाली. हजर. मला भूक लागली आहे." तुम्ही हेडफोन कानाला लावून मान हलवलीत, जणू मी मोठं भाषण केलं.

रेडिओच्या सरकारी नोकरीत आयुष्य गेलं तुमचं, टेप कापण्या-जोडण्यात. निवृत्तीनंतर हजेरीच्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या असं तुम्ही ठरवलंत, कारण कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती. आणि त्या कामात मला ओढलंत. रविवारी दुपारी जेवणं झाली की तुमची हाक यायची, "सूनबाई, ड्यूटी!" मी कुरकुरत यायची आणि मग उठायला तयार नसायची. त्या कॅसेटींमधूनच मला आई भेटल्या. माझं लग्न व्हायच्या आधीच त्या गेल्या होत्या, मी फक्त हार घातलेला फोटो पाहिलेला. आणि इथे त्या हसत होत्या, दिल्लीच्या उन्हाळ्याला शिव्या घालत होत्या, लोणच्याची बरणी फुटली म्हणून वर्षभरानेही हळहळत होत्या. सासू नसलेल्या घरात पडलीस, नशीबवान आहेस, असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या. मला मात्र त्या बाईची आठवण यायला लागली होती, जिला मी कधी पाहिलंच नव्हतं. हे तुम्ही मला दिलंत, बाबा. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही "हं, ती वायर धर" म्हणून उडवून लावलं असतंत, म्हणून आता सांगते.

एक कॅसेट मात्र तुम्ही मला दिली नाहीत. आईंची शेवटची हजेरी. "ती मी करतो," एवढंच म्हणालात, आणि मी ऑफिसात असताना केलीत. मी विचारलं नाही.

आणि मग आपलं ते भांडण. काय भांडलो बाबा आपण! जुन्या बोर्डाला डिस्क लावायच्या जागा दोनच होत्या आणि डिस्क चार. तेव्हा मध्ये एक कंट्रोलर कार्ड हवं. कुठलं घ्यायचं, त्यावरून ठिणगी पडली. तुम्हाला ते शहाणं कार्ड हवं होतं, जे सगळ्या डिस्क आपल्या ताब्यात घेतं, कुठे काय ठेवायचं ते स्वतः ठरवतं, आणि एक डिस्क गेली तरी दुसरीवरून चालवून नेतं. मी म्हणत होते, साधं कार्ड घ्या. नुसतं दार उघडून बाजूला उभं राहणारं. बाकीचा शहाणपणा आपल्या सॉफ्टवेअरवर सोडा. माझं रोजचं कामच ते आहे, गुडगावच्या कंपनीत बसून परक्या देशातल्या लोकांचे पडलेले सर्व्हर उठवायचे. मला माहीत होतं की शहाणं कार्ड डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने लिहितं. ते मेलं तर हुबेहूब त्याच जातीचं दुसरं कार्ड आणावं लागतं, नाहीतर डिस्क धडधाकट असून उपयोग शून्य.

"म्हणजे घरातला तो काका," मी म्हणाले होते, "सगळ्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणारा. आहे तोवर ठीक. तो गेला की सगळं घर कपाटांपुढे तोंड वासून उभं."

"आणि तुझं साधं कार्ड म्हणजे काय?" तुम्ही म्हणालात. "कुणाचीच जबाबदारी नाही! आमच्या स्टुडिओत प्रत्येक यंत्राला एक माणूस असायचा. बिघडलं की त्याची गचांडी धरायची."

"कार्डाची गचांडी कशी धरणार, बाबा?"

"मी आहे ना. माझी धर."

हे तुम्ही हसत म्हणालात. आता धरू कुठे?

शेवटी तुमचंच खरं केलंत. मंदीत गुडगावातली ऑफिसं धडाधड बंद होत होती, त्यांच्या यंत्रांचे ढिगारे नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात येत होते, आणि तुम्ही एका दुपारी त्यातून ते शहाणं कार्ड विजयी वीरासारखं घेऊन आलात. ते आपल्या बोर्डाच्या खाचेत बसेना. खाच आखूड, कार्ड लांब. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "चला, देवानेच निकाल दिला." तुम्ही तडक स्वयंपाकघरात गेलात, माझी भाजीची सुरी गॅसवर तापवलीत आणि बोर्डावरच्या त्या खाचेची मागची भिंत लोण्यासारखी कापून काढलीत. कार्ड बसलं, त्याचं ढुंगण बाहेर लोंबतंय, आणि वर डबा चालू! दुसऱ्या दिवशी भेंडीच्या भाजीला प्लास्टिकचा वास येत होता. संजय म्हणाला, "बिल्कुल पागल आहात तुम्ही दोघं." तुमचं मत ठाम होतं, जगात असा कुठलाच प्रश्न नाही जो नीट कापल्यावर सुटत नाही.

त्यानंतर दर रविवारी त्या कार्डावरून चकमक ठरलेली. मी चहा ठेवताना म्हणायची, "काय म्हणतंय तुमचं शहाणं?" तुम्ही म्हणायचात, "तुझ्यापेक्षा कमी बोलतं." तुमची नात ईशा सुद्धा शिकली होती. शाळेतून आली की विचारायची, "आज शहाणं कार्डची फाइट झाली?" दवाखान्यात नेलं तेव्हाही, नाकात नळी असताना, तुम्ही मला बोटाने जवळ बोलावलंत. मला वाटलं काहीतरी शेवटचं सांगताय. तुम्ही म्हणालात, "कार्ड चांगलं आहे." आणि डोळे मिचकावलेत. मी म्हटलं, "घरी चला, मग दाखवते चांगलं की वाईट." तुम्ही घरी आला नाहीत. भांडण तसंच राहिलं.

तर आता कार्ड मेलं होतं. मी डबा उघडला. तेच कार्ड, तेच बाहेर लोंबणारं ढुंगण, त्याच्यावरच्या एका चिपेजवळ काळा डाग. वास सुद्धा जळका. मनात म्हटलं, झालं, गेला काका किल्ल्या घेऊन. संजय बाजूला उभा. मी त्याला सगळं समजावलं. तो एकच म्हणाला, "दुसरं मिळेल ना तसं?"

शनिवारी आम्ही नेहरू प्लेसला गेलो. दुकानामागून दुकान. कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं मी. तुम्ही ज्याच्याकडून घेतलं होतं तो दुकानदारही सापडला. त्याने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "मैडम, ये तो कब का बंद हो गया. मिलता-जुलता दे दूँ?" मिळतंजुळतं चालत नाही हेच तर माझं म्हणणं होतं वर्षभर! मी भडकले. त्या बिचाऱ्याला सगळं ऐकवलं, तुमच्यासकट. तो शांतपणे चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "अंकल जी आते थे. बहुत बहस करते थे. कैसे हैं?" संजयने सांगितलं. मग तो स्टूल ओढून आमच्याजवळ बसला. बराच वेळ बसला. निघताना म्हणाला, "पहले ये तो देख लो कि डिस्क ज़िंदा है या वो भी गई. उसके बाद कार्ड ढूँढते रहना."

रविवारी सकाळी म्हणून एक डिस्क काढली आणि सरळ बोर्डाच्या स्वतःच्या जागेत लावली, मध्ये कार्ड नाही, काही नाही. फक्त जिवंत आहे का बघायचं होतं. मला ठाऊक होतं की कॉम्प्युटर म्हणणार, ही डिस्क कोरी आहे, पुसून तयार करू का? रोज बघते मी ते ऑफिसात. शहाण्या कार्डाखालची डिस्क असं एकटीने उघडतच नाही.

उघडली.

बाबा, ती उघडली. 'हजेरी' नावाचा फोल्डर आणि खाली ओळीने सगळे पाडवे. मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. डिस्क जोडीजोडीने होत्या, एकीवर असेल तेच दुसरीवर. दुसऱ्या जोडीतली एक लावली, तीही उघडली. काखेत कळसा आणि मी नेहरू प्लेसला वळसा घालून आलेली. पण हे झालं कसं? आणि मग मला आठवलं. फार आधी, एका रविवारी, चहा बशीत ओतता ओतता तुम्ही विचारलं होतंत, "समजा हं, नुसतं समजा, एखाद्याला शहाण्या कार्डाचा शहाणपणा काढून टाकायचा असेल, तर?" मी म्हटलं होतं, "त्यातलं आतलं सॉफ्टवेअर बदलायचं. मग तेच कार्ड साधं होतं. पण डिस्क पुसून सगळं नव्याने भरावं लागेल." तुम्ही म्हणालात, "असंच विचारलं." आणि कापूस घेऊन टेपरेकॉर्डरचं तोंड पुसायला लागलात.

फाइलींच्या तारखा बघितल्या. मागच्या दिवाळीच्याही आधीच्या. म्हणजे मी ऑफिसात असताना तुम्ही एकट्याने कार्डाचा शहाणपणा काढलात, चारही डिस्क पुसल्यात, सगळं पुन्हा भरलंत. माझं म्हणणं मान्य केलंत, पुरेपूर, अक्षरशः. आणि त्यानंतरही दर रविवारी माझ्याशी भांडलात! "तुझ्यापेक्षा कमी बोलतं" म्हणालात! नाकात नळी घालून "कार्ड चांगलं आहे" म्हणालात! अहो, हरला होतात तुम्ही, केव्हाच! सुंभ जळला तरी पीळ जाईना. मी जिंकले होते आणि मला पत्ताच नाही. आणि आता जिंकून चिडवायचं कुणाला? मी हसायला लागले, आणि मग जे रडले ना बाबा, संजय चहा घेऊन आला होता तो तसाच घेऊन उभा राहिला. तेराव्यापर्यंत मी अशी रडले नव्हते. तेव्हा स्वयंपाक होता, माणसं होती.

मग संजयला बाजूला बसवलं. म्हटलं, "चल, आता ऐक तुझ्या बाबांना."

पहिली फाइल लावली. क्वार्टरमधला पाडवा. "सुमन सोनवणे. हजर." आई. मग शेजारचे काका. मग छोटा संजय, बोबडा. दुसरी फाइल, पुन्हा आई. तिसरी. चौथी. संजय स्वतःचं ऐकून हसत होता, पण दर फाइल संपली की माझ्याकडे बघायचा. तुम्ही नव्हतात. कुठेच नव्हतात.

स्वतःची हजेरी तुम्ही कधी दिलीच नाहीत, तुम्ही यंत्रापाशी असायचात. पण मला लख्ख आठवत होतं, प्रत्येक हजेरीच्या आधी तुम्ही माइक हातात घेऊन "हॅलो, चाचणी, चाचणी, एक दोन तीन" म्हणायचात. प्रत्येकाला म्हणायचात, "हां, आता बोल." ते सगळं गेलं कुठे? आणि मग मला तुमचा हात दिसला, माउसवरचा, फाइलीच्या सुरुवातीचा तुकडा निवडून उडवणारा. डोक्याकडचं काप, शेपटाकडचं काप. मधली कुकरची शिट्टी काप, भोंगा काप, खोकला काप. मी बाजूलाच बसलेली असायची की! तुम्ही म्हणायचात, "यंत्रवाला ऐकू आला, तर तो वाईट यंत्रवाला." नोकरीत शिकलेला धडा, आणि मला तेव्हा तो किती भारी वाटायचा. तुम्ही स्वतःला कापून टाकलंत, बाबा. इतकं स्वच्छ, इतकं सफाईने, की एक श्वास सुद्धा मागे ठेवला नाहीत. बरं, मूळ कॅसेटी? त्या बुरशी लागली म्हणून तुम्हीच रद्दीवाल्याला दिल्यात. तुमच्यासारख्या माणसाचीच ही चूक. दुसऱ्या कुणाकडून झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाचं काम इतकं चोख नसतं.

संजय म्हणाला, "चलो, ठीक आहे." त्याचं ते 'ठीक आहे' तुम्हाला माहीत आहे. मला तुमचा इतका राग आला. सगळ्यांना हजर केलंत आणि स्वतः गैरहजर. कोण सांगतं असं चांगलं काम करायला?

एकच फाइल राहिली होती. आईंची शेवटची, जी तुम्ही मला दिली नव्हती. लावावी की नाही, मी थांबले. संजय म्हणाला, "लाव."

सुरू झाली तीच खरखरीने. खुर्ची ओढल्याचा आवाज. नळ ठिबकतोय. आपल्या ह्याच घरातला पाडवा, दिल्लीच्या टोकाला द्वारकेत नुकतं राहायला आला होतात तेव्हाचा. खाली कुणीतरी ओरडतंय, "टैंकर आ गया, टैंकर!" आणि जिन्यावर बादल्यांचा खणखणाट. तुम्ही काहीच काढलं नव्हतंत. मग आई, बारीक आवाजात, दम लागत. "सुमन सोनवणे. हजर." मग, "झालं. पुरे आता. बंद करा हो."

आणि तुम्ही.

"बोल गं. टेप आहे अजून."

लांबून. माइकपासून दूर, हेडफोन घातलेला माणूस बोलतो तसं, जरा मोठ्याने. संजयने माझं मनगट धरलं. आई हसल्या. म्हणाल्या, "काय बोलू? संजूच्या लग्नाला मी असेन असं वाटत नाही. त्याला बायको बघाल ती खमकी बघा. तुमच्या हो ला हो करणारी नको. मी गेल्यावर तुम्हाला उलट कोण बोलणार? कुणी बोललं नाही तर तुम्ही नुसते बसून राहाल यंत्रापुढे." आणि तुम्ही म्हणालात, "बरं." पुन्हा थांबून म्हणालात, "बघतो. संजू, खाली जा रे, पाणी भर." दूरवरून संजयचा आवाज, "जातो ना बाबा!" आणि मग कॅसेट संपेपर्यंत नुसती खरखर, तीही तुम्ही कापली नाहीत. तुमचा आवाज आईंच्या दोन वाक्यांच्या मध्ये होता. तो काढायचा तर त्यांच्यावर सुरी चालवावी लागली असती. तेवढं तुमच्याच्याने झालं नाही.

संजयने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. "संजू, खाली जा रे" इथे दर वेळी त्याचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. मी उठून बालकनीत गेले.

पहिल्यांदा तुम्हाला भेटायला आले होते ते आठवलं. दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षा देऊन थकलेली, मग गुडगावात नोकरी धरलेली, कऱ्हाडची, तोंडाळ मुलगी. संजयने बजावून आणलं होतं, बाबांसमोर जरा कमी बोल. तुम्ही स्वयंपाक येतो का विचारलं नाहीत, पगार विचारला नाहीत. विचारलंत, "एखादी गोष्ट पटली नाही तर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "सांगते." "आणि समोरच्याला पटलं नाही तर?" "पुन्हा सांगते." तुम्ही एवढंच म्हणालात, "ठीक आहे. चहा घ्या." मला वाटलं, नापास. घरी परतताना मी संजयवर रागावलेसुद्धा.

तुम्ही आईंचा शब्द पाळत होतात, होय? म्हणून हरल्यावरही सांगितलं नाहीत, भांडण चालू ठेवलंत, दर रविवारी, दवाखान्यात सुद्धा? मला वाटायचं मी तुमच्याशी वाद घालते. मला काय माहीत, मला त्याच कामावर ठेवलं होतं. थोरल्या सुनेचा मान, देव्हाऱ्याची किल्ली, हे सगळं बायकांना मिळतं. मला तुमच्या घरात आईंची जागा मिळाली होती आणि मी तिथे बसून कार्डाला शिव्या घालत होते. बाबा, मला तुमची फार आठवण येते हो. रविवारी दुपारी तर घर खायला उठतं.

डबा चालू केला आहे. साधं कार्ड आणलं, खाचेत बरोबर बसणारं, काही कापावं लागलं नाही. तुम्हाला आवडणार नाही, पण चालतंय. तुमचं शहाणं मी टाकलं नाही, आईंच्या फोटोशेजारी ठेवलं आहे. वर्मा अंकल भेटायला आले होते, हात जोडून विचारत होते, हे कुणाचं स्मृतिचिन्ह. मी म्हटलं, "अंकल, ये हमारे घर का झगड़ा है."

परवा पाडवा. वर्ष सरेपर्यंत सण नाही, तेव्हा यंदा गुढी उभारायची नाही. पण हजेरी काही सण नाही, असं मी ठरवलं आहे आणि यावर मी कुणाचं ऐकणार नाही. संध्याकाळी तुमच्या खुर्चीत मी बसेन, हेडफोन घालून. ईशा येईल, म्हणेल, "ईशा सोनवणे. हजर. अब और क्या बोलूँ?" संजय येईल, नाव सांगेल, 'हजर' म्हणेल आणि म्हणेल, "बस, हो गया, बंद कर." तेव्हा मी म्हणेन, "बोल रे. टेप आहे अजून." आता टेप कुठली, डिस्क आहे, हे मलाही कळतं, तुम्ही मध्ये बोलू नका.

आणि माझा आवाज त्यात येईल. तो मी कापणार नाही.